पोतनीसबाईंचे कूट

१२ ऑगस्ट २०२४, श्रावणी सोमवार. महूजवळच्या जानापावच्या टेकडीवर एकोणीस माणसे चढू लागली. अठरा आपल्या पायांनी उतरली. एकोणिसावी, इशिता नावाची चोवीस वर्षांची मुलगी, दोन काठ्यांना बांधलेल्या चादरीतून खाली आणली गेली. एकोणीसच्या एकोणीस आज जिवंत आहेत.

कोणाचा जीव गेला नाही, एवढ्या आधारावर उज्जैनच्या फ्रीगंजातल्या पोतनीसांच्या घराने या प्रकरणाचा निकाल लावून टाकला. निकाल त्यांच्या बाजूने लागला हे सांगायला नको. न्यायाधीश, वकील आणि आरोपी एकाच डायनिंग टेबलाभोवती बसले होते.

विनोदिनी पोतनीस या घरच्या कर्त्या. वय सदुसष्ट. मुलींच्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षे त्यांनी गृहविज्ञान शिकवले. अन्नातली भेसळ, भांड्यांची स्वच्छता, वेष्टनावरचा मजकूर कसा वाचावा, हे त्यांच्या अभ्यासक्रमातले धडे होते, आणि ते न शिकता पास झालेली मुलगी उज्जैनमध्ये सापडणे कठीण. आजही टावर चौकात भाजी घेणाऱ्या मध्यमवयीन बायका त्यांना पाहून पदर सावरतात. विनोदिनीबाईंना हे आवडते. आवडते हे त्या कबूल करणार नाहीत.

घराणे शिंद्यांच्या चाकरीत माळव्यात आलेले. पोतनीस म्हणजे खजिन्याचा कारकून. खजिना गेला, दरबार गेला, कारकुनीही गेली. उरले आडनाव, आणि त्या आडनावातला दीर्घ 'नी'. हिंदी लिहिणारे लोक तो हटकून ऱ्हस्व लिहितात. गॅसच्या पुस्तकावर, लग्नपत्रिकांवर, दवाखान्याच्या कागदांवर विनोदिनीबाईंनी तो आयुष्यभर सुधारून घेतला. एका बारशाच्या निमंत्रणावर 'पोतनिस' छापले होते म्हणून त्या बारशाला गेल्या नाहीत. पाळण्यातल्या मुलीचा त्यात काय दोष, असे त्यांचे पती गोपाळकृष्ण म्हणाले होते, पण ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांच्या म्हणण्याची नोंद घरात होत नसे.

भाषेबाबत त्यांचा एक नियम होता. उंबऱ्याबाहेर त्या अस्खलित हिंदी बोलत. पण उंबऱ्याच्या आत, विशेषतः स्वयंपाकघरात, हिंदी शब्दाला थारा नव्हता. मुलगा आल्हाद अडतीस वर्षांचा, विमा कंपनीत अधिकारी. तो उज्जैनच्या कोणत्याही मराठी मुलासारखे बोले, आणि ते त्यांना सहन होत नसे.

"आई, मी थकून गेलो."

"थकलो म्हण."

"तेच ना. थकून गेलो."

आल्हादने तीन वर्षांपूर्वी 'पगडंडी' नावाचा एक गट काढला. डोंगर चढण्याचा गट. त्यात डॉक्टर होते, कोचिंगवाले होते, बँकवाले होते, आणि त्यांच्या बायका. श्रावणातल्या सोमवारी महाकाळाची सवारी निघते. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून लाखो माणसे उन्हापावसात चालत, अनेकजण अनवाणी, शहरात येतात, आणि मराठी व हिंदी दोन्ही पंचांगांचा मान राखून हे दीड महिना चालते. शाळा-कचेऱ्या सोमवारी बंद राहतात. 'पगडंडी'ची माणसे नेमकी त्या दिवशी शहर सोडत. गर्दी फार होते, असे त्यांचे म्हणणे. शंभर किलोमीटर मोटारीने जायचे, जिच्या माथ्यापर्यंत मोटार जाते अशी टेकडी निवडायची, मोटार मुद्दाम पायथ्याशी उभी करायची, आणि चार किलोमीटर पायी चढून वर पोचल्यावर स्वतःचे फोटो काढायचे. ज्या चालण्याबद्दल रस्त्यावरच्या लाखोंना कोणी विचारतही नव्हते, ते यांच्यासाठी कर्तृत्व होते. आणि या कर्तृत्वाला ऊर्जा लागे. पूर्वी ही ऊर्जा चकचकीत वेष्टनातल्या वड्यांतून विकत आणली जाई.

विनोदिनीबाईंनी एकदा त्या वेष्टनावरचा मजकूर चष्मा लावून वाचला. "खजुराचा लगदा आणि साखर," त्या म्हणाल्या. "याचे ऐंशी रुपये? मी करून देते."

अशा रीतीने पोतनीसांच्या कुकीज सुरू झाल्या. आल्हादने भैरवगढच्या ठसेछपाईच्या छोट्या कापडी पिशव्या शिवून आणल्या. प्रत्येक पिशवीत चार कुकीज आणि वर चिकटवलेली एक चिठ्ठी: नाव, आणि आत काय काय आहे ते. विक्रीचा हेतू नव्हता. हेतू हा होता की डोंगराच्या अर्ध्यावर एखाद्या डॉक्टरीणबाईने एक घास घेऊन म्हणावे, "मॅडम ने बनाई है? वाह." ते वाक्य आल्हाद घरी येऊन पोचवत असे. विनोदिनीबाई त्या वाक्यासाठी दोन किलो तूप खर्च करत.

ऑगस्टच्या त्या सोमवारी बहुतेकांचा उपवास होता, म्हणून कणीक चालणार नव्हती. विनोदिनीबाईंनी राजगिऱ्याचे पीठ घेतले, गूळ, तूप, वेलदोडा, चिमूटभर सैंधव, आणि कूट. मराठी स्वयंपाकघरात नुसते कूट म्हटले की ते भाजलेल्या शेंगदाण्यांचे. कशाचे कूट, असे जो विचारतो तो घरातला नव्हे. साबुदाण्याच्या खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, रताळ्याच्या किसात कूट. हिंदीत याला मूंगफली म्हणावे लागते, माळव्यातली माणसे सींगदाना म्हणतात. विनोदिनीबाई यांपैकी काहीही म्हणत नसत.

चिठ्ठीचा मजकूर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात मराठीत लिहिला. आल्हाद म्हणाला, "हिंदीत लिहून दे ना आई, तिथे कोण मराठी आहे?"

"आपल्या घरच्या जिन्नसाचं नाव आपल्या भाषेत. छापणारा करून घेईल हिंदी."

छापणारा टावर चौकात बसतो. त्याच्यासमोर कागद आला: राजगिरा पीठ, कूट, गूळ, तूप, वेलदोडा, सैंधव. त्याने पीठचा आटा केला, गूळचा गुड़, तुपाचे घी, वेलदोड्याची इलायची. कूट हा शब्द त्याला अर्धवट वाटला. उत्तरेकडे उपवासाला कुट्टू नावाचे एक पीठ खातात, सगळ्या हिंदी घरांना ते ठाऊक असते. उपवासाची वस्तू, राजगिऱ्याशेजारी लिहिलेली, मास्तरीणबाईंची घाई, तेव्हा हा कुट्टूच. त्याने शब्द पूर्ण केला आणि नमुना विनोदिनीबाईंच्या फोनवर पाठवला.

एकतीस वर्षे ज्यांनी वेष्टनावरचा मजकूर वाचायला शिकवला त्या विनोदिनीबाईंनी तो नमुना उघडला. वर छापले होते: 'पोतनिस होममेड'.

त्यांनी तत्काळ फोन लावला. "भैया, नी दीर्घ है. बड़ी मात्रा. हमारा उपनाम है, कोई मज़ाक नहीं."

दुसरा नमुना आला. नी दीर्घ झाला होता. विनोदिनीबाईंनी तेवढेच अक्षर बोटांनी मोठे करून पाहिले, समाधान पावल्या, आणि 'ठीक' असे लिहून पाठवले. खाली पाच ओळींवर कुट्टू होता. तिथपर्यंत नजर गेली नाही. आडनाव बरोबर असले की घरातले बाकीचे सगळे बरोबरच असते, अशी त्यांची धारणा होती, आणि ती कधी तपासून पाहण्याची वेळ आली नव्हती.

कुकीज भाजल्या जात बाबूलालच्या भट्टीवर. भैरवगढच्या रस्त्याला लागण्याआधी एका गल्लीत त्याचे दुकान आहे. आपापले पीठ, तूप, साखर डब्यात घालून न्यायची, तो मळून, साच्यात दाबून, थाळ्या भट्टीत सरकवतो, आणि माल त्याच डब्यात भरून देतो. मजुरी किलोवर. या शहरातल्या कित्येक घरांची नानखटाई अशीच होते. दिवाळीआधी तर डब्यांची रांग गल्लीबाहेर जाते.

विनोदिनीबाई तिथे बावीस वर्षे जात होत्या आणि बावीस वर्षांत त्यांनी बाबूलालवर एकदाही विश्वास ठेवला नव्हता. आपले तूप काढून दुसऱ्याचे घालेल, आपल्या थाळीवर दुसऱ्याचा चुरा लागेल, या भीतीने त्या स्टुलावर बसून राहत. थाळ्या आपल्यासमोर गरम पाण्याने धुऊन घेत, कोरड्या फडक्याने पुसून घेत, पहिली थाळी आत गेल्यापासून शेवटची बाहेर येईपर्यंत हलत नसत. बाबूलालला याचा राग नव्हता. गिऱ्हाईक असेच असते असे तो समजून चाले.

अकरा तारखेच्या सकाळीही त्या स्टुलावर होत्या. बाबूलालने डबा उघडला, हात घालून पीठ वर-खाली केले, आणि नाकाशी नेले.

"बाईजी, सींगदाना तो भोत डाल दिया आज. घी छोड़ेगा."

"छोड़ने दो. पहाड़ चढ़ने वालों के लिए है. ताकत चाहिए."

"पहाड़ पे क्या है?"

"कुछ नहीं. चढ़ते हैं."

"फिर?"

"फिर उतर आते हैं."

बाबूलालने थाळी भट्टीत सरकवली, लांब सळईने ती मागे ढकलली, आणि बराच विचार करून म्हणाला, "बड़े लोग हैं."

विनोदिनीबाई हसल्या. आपल्या मुलाला हसण्याचा हक्क त्यांनी बाबूलालला तेवढ्यापुरता दिला. "और वो थाली दुबारा धो," त्या लगेच म्हणाल्या. "कोने में देख, कुछ लगा है."

काही लागलेले नव्हते. त्याने पुन्हा धुतली.

सोमवारी साडेअकरा वाजता आल्हादचा फोन आला. मागे माणसांचा गलका होता.

"आई, तुझ्या कुकीत मूंगफली होती का?"

"शेंगदाणे म्हण. होते की. कूट आहे ना त्यात. लिहिलंय तसं."

"कुठे लिहिलंय? लेबलवर कुट्टू लिहून राहिलंय! इशिताला मूंगफलीची अ‍ॅलर्जी आहे, तिने मला विचारलं, मी वाचून तिला सांगितलं की नाहीये. तिचा गळा बंद होऊन राहिलाय, आई!"

"घसा," विनोदिनीबाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून निघून गेला होता. एक मुलगी डोंगराच्या अर्ध्यावर श्वासासाठी तडफडत होती आणि तिच्या श्वासनलिकेला मराठीत काय म्हणावे ते उज्जैनमध्ये सुधारले जात होते. आल्हादने ऐकले की नाही, कळले नाही. फोन बंद झाला.

मग त्यांनी चिठ्ठीचा नमुना काढला. राजगिरा आटा, कुट्टू, गुड़. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. कुट्टू. वर पोतनीस, नी दीर्घ. त्या नमुन्याखाली त्यांचे स्वतःचे 'ठीक' होते, वेळेसकट.

पुढचे साडेपाच तास त्यांनी जे भोगले ते खरे होते, हे मान्य केले पाहिजे. त्या पाणी प्यायल्या नाहीत, देवापुढे बसल्या, उठल्या, मुलीचे वय विचारले, तिची आई कुठे असते ते विचारले. शहरात पालखी निघाली तेव्हा त्या दारात उभ्या राहून रडल्या. त्या वेळी कोणी येऊन नुसते विचारले असते तर त्यांनी सगळे सांगून टाकले असते, असे त्या आजही स्वतःला सांगतात. ते खरेही असेल. पण पाच वाजता मुलगी वाचल्याची बातमी आली, आणि माणसाची भीती उतरली की त्याच्या जागी काय येऊन बसते ते पाहण्यासारखे असते.

"इंजेक्शन दिलं, आता श्वास बराबर आहे," आल्हाद महूच्या दवाखान्यातून म्हणाला. "दोन दिवस आयसीयूत ठेवतील. डॉक्टरांना मी सांगून दिलं की मूंगफली पोटात गेली असणार. ट्रीटमेंट तर झाली. पण आता तिचे घरवाले विचारून राहिलेत की आली कुठून."

"आल्हाद, ती चिठ्ठी मी..."

"आई, ऐक. तू काही नको बोलू. तू पण ठीक लिहिलंस, मी पण वाचून सांगितलं. दोघं फसू. आता भट्टीवर सगळ्यांचा माल एकाच थाळीत भाजतात ना? कोणाची मूंगफलीची नानखटाई असेल आधी. त्याचा चुरा लागला असेल. होऊ शकतं ना?"

होऊ शकत नाही, हे सांगू शकणारी बाबूलालखेरीज जगात एकच व्यक्ती होती, आणि ती स्टुलावर तीन तास बसली होती.

"त्याला एक शब्द आहे ना, तू शिकवायचीस तो?"

"क्रॉस-कंटॅमिनेशन," विनोदिनीबाई म्हणाल्या.

"स्पेलिंग पाठव. ग्रुपवर टाकायचंय."

त्यांनी पाठवले. एकही चूक नव्हती.

शिक्षणाचा उपयोग काय, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. त्याचे एक उत्तर असे की अशिक्षित माणूस खोटे बोलतो तेव्हा त्याला खोटे बोलावे लागते. पोतनीसांना बोलावे लागले नाही. त्यांनी एक शास्त्रीय संज्ञा पुढे केली, आणि संज्ञेने आपले काम केले. 'पगडंडी'तल्या डॉक्टरांनी माना डोलावल्या. कोणी लिहिले की या भट्ट्यांवर स्वच्छतेचे भानच नसते, कोणी लिहिले की या लोकांना कितीही सांगा. बाबूलालचे नाव आल्हादने घेतले नव्हते, फक्त गल्ली सांगितली होती. त्या गल्लीत एकच भट्टी आहे. संदेश 'पगडंडी'वरून वसाहतींच्या गटांवर गेला, तिथून बायकांच्या भिशीत गेला, आणि सप्टेंबर संपेपर्यंत फ्रीगंजातून भैरवगढच्या रस्त्याकडे जाणारे डबे थांबले.

रात्रीच्या जेवणाला गोपाळकृष्ण एकदाच म्हणाले, "त्या भट्टीवाल्याचं काय?"

"त्याला काय झालंय?" आल्हाद म्हणाला. "त्याला थोडीच कोणी पकडून नेलं."

गोपाळकृष्णांनी मान हलवली आणि ताक मागितले. "आपण कोणाचं वाईट करायला तर गेलो नव्हतो," ते ताकाच्या पेल्यात म्हणाले. या घरात अंतरात्मा एवढाच होता, आणि तो निवृत्तिवेतनावर होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाबूलाल आला. विनोदिनीबाईंच्या दारात तो बावीस वर्षांत पहिल्यांदाच उभा होता, धुतलेला सदरा घालून. त्यांनी त्याला बैठकीत बसवले, पाणी दिले. तो सोफ्याच्या कडेवर बसला आणि पाणी एका दमात प्यायला.

"बाईजी, दिवाली आ गई और फ्रीगंज का एक डिब्बा नी आया."

"हाँ, सुना मैंने. लोग भी ना, कुछ भी..."

"लोग बोले हैं थाली गंदी थी." त्याने पेला खाली ठेवला. "आप तो खुद स्टूल पे बैठी थीं. आपने दो बार धुलवाई. और सींगदाना आपके डिब्बे में था, बाईजी. मैंने बोला भी था कि भोत है. आपने कहा ताकत चाहिए."

विनोदिनीबाईंच्या बावीस वर्षांच्या संशयाने त्या माणसाला निर्दोषत्वाचा असा पुरावा तयार करून दिला होता की जगातल्या कोणत्याही न्यायालयात टिकावा, आणि त्याला साक्षीदारही त्याच होत्या.

"मेरे को पैसा-वैसा कुछ नी चइये," बाबूलाल म्हणाला. "आप एक कागद लिख दो अपने हाथ से. आपका अक्षर सब पहचाने हैं. आधी औरतें तो आपकी पढ़ाई हुई हैं. मैं दुकान पे टाँग दूँगा. बस इतना लिख दो कि सींगदाना घर का था."

चार शब्द लिहायचे होते. विनोदिनीबाई उठल्या, टेबलाशी बसल्या, आणि पाऊण तास लिहीत राहिल्या. एक कागद फाडला, दुसरा घेतला. बाबूलाल कडेवर बसून राहिला. भिंतीवरच्या शिंदेकालीन सनदेची तसबीर तो पाहत होता. ती काय आहे हे त्याला कोणी सांगितले नाही.

कागदावर शुद्ध हिंदीत लिहिले होते: प्रमाणित किया जाता है कि मैं श्री बाबूलाल को विगत बाईस वर्षों से जानती हूँ, वे परिश्रमी एवं व्यवहारकुशल हैं, उनका कार्य सर्वथा सन्तोषजनक रहा है, मैं उनके उज्ज्वल भविष्य की कामना करती हूँ. खाली सही. विनोदिनी पोतनीस, निवृत्त प्राध्यापिका.

बाबूलाल हळू वाचतो. बोट ठेवून त्याने शेवटपर्यंत वाचले, मग पुन्हा पहिल्यापासून.

"इसमें सींगदाना तो लिखा ही नी."

"उसकी ज़रूरत नहीं है, बाबूलाल. इससे काम हो जाएगा."

"ज़रूरत तो उसी की थी, बाईजी."

त्याने कागदाची घडी घातली, रिकाम्या पेल्याखाली ठेवली, आणि चपला घालून गेला. तो ओरडला असता तर विनोदिनीबाईंना बरे वाटले असते. ओरडणाऱ्याला असभ्य ठरवून दार लावून घेता येते. तो कागद त्यांनी फाडला नाही, कपाटात ठेवला. मनातल्या मनात त्यांचा असा हिशेब झाला होता की आपण दिले, त्याने घेतले नाही.

जानेवारीत इशिता आली. देवासच्या एका बँकेत ती नोकरीला आहे. आल्हादने आधी फोन करून आईला सांगितले होते की ती फक्त भेटायला येऊन राहिली आहे, टेन्शन नको घेऊ. विनोदिनीबाईंनी या वेळी 'येते आहे' अशी दुरुस्ती केली नाही.

मुलगी वाळली होती. खांद्याला मोठी पिशवी, तिच्यात स्टीलचा डबा आणि पाण्याची बाटली. विनोदिनीबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा ती दोन पावले मागे सरकली.

"सॉरी आंटी. मैं बाहर का कुछ नहीं लेती. पानी भी अपना रखती हूँ. पता नहीं गिलास में पहले क्या..." ती ओशाळून हसली. "आप बुरा मत मानिए. आपके घर की बात नहीं है. अब सब जगह यही है."

पेला विनोदिनीबाईंच्या हातातच राहिला.

इशिताने जे सांगितले ते साधे होते. थाळीला लागलेल्या चुऱ्याने जर तिची ही अवस्था झाली, तर तिच्यासाठी जगातली कोणतीच थाळी सुरक्षित नाही, हे तिने आणि तिच्या आईने त्या संज्ञेवरून काढलेले अनुमान होते, आणि ते तर्काला धरून होते. तिने वसतिगृहाची खानावळ सोडली होती. ऑफिसात कोणाच्या वाढदिवसाला ती खोलीबाहेर जाऊन उभी राहते. बँकेने तिला हैदराबादला चार महिन्यांच्या प्रशिक्षणाला निवडले होते, तिथून बढती होती. तिथे राहायचे म्हणजे तिथल्या खानावळीत जेवायचे. उत्तर द्यायला तिच्याकडे आठवडा होता.

"मेरे डॉक्टर ने एक ही बात पूछी है, आंटी. मात्रा कितनी थी. अगर सिर्फ ट्रे का लगा हुआ था, तो वो कहते हैं रिस्क मत लो. लेकिन अगर मूंगफली आटे में ही डली थी, मतलब पूरी चीज़ में, तो बात अलग है. तब वो जाँच करके शायद भेज दें. इसीलिए मैंने सोचा, जिन्होंने बनाई उन्हीं से पूछ लूँ."

खिडकीतून टावर चौकाकडच्या रिक्षांचा आवाज येत होता. आतल्या खोलीत गोपाळकृष्णांनी वर्तमानपत्राचे पान उलटले आणि मग ते पुन्हा उलटण्याचा आवाज आला नाही. ते ऐकत होते.

विनोदिनीबाईंनी पेला टेबलावर ठेवला. पाच महिन्यांत प्रथमच कोणीतरी त्यांना सरळ विचारले होते. त्या मुलीच्या मनगटाकडे पाहत होत्या. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकावर होता.

"बेटा," त्या म्हणाल्या, "उसमें... मैंने उसमें कूट डाला था."

"हाँ आंटी, कुट्टू," इशिता लगेच म्हणाली. "वो तो लेबल पे था. कुट्टू से मुझे कुछ नहीं होता."

एवढेच झाले. सांगण्यासारखे एवढेच आहे. आता फक्त एक शब्द हिंदीत म्हणायचा होता, बाजारात भाजीवालीशी बोलताना कोणीही म्हणते तो. विनोदिनीबाईंचे तोंड उघडे होते. मग ते मिटले. आयुष्यभर त्यांनी ज्या भाषेचा अभिमान बाळगला तिच्यात त्यांनी सत्य उच्चारले होते, समोरच्या मुलीला ते कळले नव्हते, आणि हे कळले नाही याची त्यांना जी सुटका वाटली तीच त्यांची खरी ओळख म्हणून नोंदवली पाहिजे.

"तो ट्रे का ही था ना, आंटी?"

"ज़रा-सा लगा होगा," विनोदिनीबाई म्हणाल्या. "तुम सावधानी रखती हो, अच्छा करती हो."

इशिताने त्यांना वाकून नमस्कार केला, पिशवी उचलली आणि गेली. आल्हादने संध्याकाळी विचारले, काय म्हणत होती. "मी तिला सांगितलं," विनोदिनीबाई म्हणाल्या, "कूट घातलं होतं म्हणून." आल्हादला समजले, आणि तो म्हणाला, "बराबर केलंस." हे वाक्य त्या पुढे अनेकदा मनात म्हणणार होत्या. मी सांगितलं होतं. तिला समजलं नाही.

'पगडंडी' अजून चढते आणि उतरते. कुकीज अजून होतात. आता घरच्या ओव्हनमध्ये, बदाम घालून. नव्या चिठ्ठीवर बदाम ठळक छापलेला आहे, आणि वरच्या आडनावातला नी दीर्घ आहे.

एकोणीस माणसे जिवंत आहेत. इशिता हैदराबादला गेली नाही, आपल्या बाटलीतले पाणी पिते. बाबूलालच्या भट्टीवर फ्रीगंजातला डबा अजून आलेला नाही. त्यात शेंगदाणे होते आणि ते मी घातले होते, हे एक वाक्य विनोदिनी पोतनीस यांच्याकडून दोन माणसांना येणे आहे. आजपर्यंत ते दिलेले नाही.